बकचे जोडे

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात जॅक लंडनच्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीवरचा निबंध ऐकण्याचा योग आला. निबंध नीटस होता. बक हा कुत्रा संस्कृतीची एकेक साल सोलून टाकत आपल्या आदिम गाभ्याकडे जातो. उत्तरेचा बर्फ हा कोरा कागद आहे आणि त्यावर निसर्ग आपली मूळ लिपी लिहितो. गाडी, पट्टे, दोर ही या प्रवासाची केवळ निमित्ते आहेत, अशी एकंदर मांडणी होती. समारोपात वक्त्यांनी अलास्कातील इडिटारोड शर्यतीचा दाखला दिला. आजही तिथे कुत्री हजार मैल धावतात, का, तर ती हाक अजून त्यांच्या रक्तात आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीने. घरी परतल्यावर ती टाळी मला खुपू लागली, आणि ती परत घेण्यासाठी हे लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लांब पल्ल्याच्या बर्फशर्यतीत धावणारा कुत्रा हा रानाच्या हाकेने धावत नाही. तो तयार केलेला असतो, आणि ती तयारी ही माणसाने प्राण्याबरोबर उभारलेल्या सर्वांत नाजूक, सर्वांत सुसंस्कृत कारागिरींपैकी एक आहे. त्या तयारीकडे डोळेझाक करून ‘हाक’ ऐकत बसणारे वाचन वाङ्मयदृष्ट्या आळशी तर आहेच, पण ते निरुपद्रवीही नाही. कारण ‘हाक’ हे उत्तर एकदा स्वीकारले की जबाबदारीचा प्रश्नच उरत नाही. कुत्रा मेला, तर त्याला रानाने बोलावले, एवढे म्हणून मोकळे होता येते.

आधी पुस्तकाकडेच वळू. लंडन १८९७ च्या सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेला, तिथे एक हिवाळा काढून, आजारी होऊन परतला. जे पाहिले ते त्याच्या कादंबरीत आहे. प्रश्न एवढाच की आपण ते वाचतो का. कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे. बकचे पाय अजून मऊ आहेत, दिवसभराच्या वाटचालीने तो लंगडतो. फ्रान्स्वा हा गाडीवान रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास त्याचे पाय चोळतो आणि स्वतःच्या पादत्राणांचा वरचा भाग कापून बकसाठी चार जोडे शिवतो. एके सकाळी तो ते घालायला विसरतो, तर बक पाठीवर पडून चारही पाय हवेत हलवत राहतो आणि जोडे घातल्याशिवाय उठायला तयार होत नाही. चर्चासत्रातल्या निबंधात हा प्रसंग नव्हता. मी पाहिलेल्या वर्गटिपांमध्येही तो नाही. सोटा आहे, सुळे आहेत, स्पिट्झचा वध आहे. अर्धा तास पाय चोळणारा माणूस मात्र गाळलेला.

यावर कोणी म्हणेल की पुढे बकचे पाय कठीण होतात आणि ते जोडे फेकून दिले जातात, असेही लंडननेच लिहिले आहे. बरोबर आहे. आणि नेमके तिथेच लंडनमधला निरीक्षक लंडनमधल्या तत्त्वज्ञासमोर हरतो. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या कुत्र्याचे जोडे कधीच सुटत नाहीत. इडिटारोडच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कुत्र्यामागे आठ पायमोजे गाडीवानाजवळ असावेच लागतात, आणि पूर्ण शर्यतीत एका चमूला हजाराच्या वर पायमोजे सहज लागतात. बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकतात, कडक बर्फाने तळवे सोलवटतात. सोळा कुत्री म्हणजे चौसष्ट पाय, आणि ते प्रत्येक मुक्कामावर उघडून, तपासून, मलम लावून पुन्हा बांधायचे, तेही उणे तीस अंशांत, उघड्या बोटांनी. ‘आदिम’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी हे चित्र डोळ्यांसमोर आणावे अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. बक हा सेंट बर्नार्ड आणि स्कॉच मेंढपाळ कुत्रीचा संकर, वजन एकशे चाळीस पौंड. आजच्या कोणत्याही चमूत त्याला जागा मिळाली नसती. शर्यतीचा अलास्कन हस्की साधारण वीस ते पंचवीस किलोंचा, लांब पायांचा, दिसायला अगदीच सामान्य असतो. आपल्या गल्लीत दिसला तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. ती कुठल्या श्वानसंस्थेने मान्य केलेली जातही नाही. पिढ्यान्‌पिढ्या केवळ कामावरून, म्हणजे पाय, भूक, स्वभाव आणि ओढण्याची इच्छा यांवरून निवड करत आणलेला तो संकर आहे. आणि ही निवड कालपरवाची नाही. २०२० साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने सैबेरियाच्या उत्तरेकडील झोखोव्ह बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी राहिलेल्या एका कुत्र्याचे नाते आजच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी जोडून दाखवले. त्याच अभ्यासात या कुत्र्यांमध्ये अमेरिकेच्या आर्क्टिक लांडग्यांचे रक्त मिसळल्याचे आढळले नाही. साडेनऊ हजार वर्षे! आपल्याकडच्या बैलाच्या जोत्याहूनही बहुधा जुने असे हे जोते आहे, आणि आपण त्याला ‘रान’ म्हणतो.

आता तयारीविषयी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण टीकाकारांनी जे गाळले ते भरून काढल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही.

शर्यत मार्चमध्ये, पण तयारी सुरू होते उन्हाळा ओसरताना, बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी. कुत्र्याला थंडीपेक्षा उष्मा अधिक घातक. म्हणून हवा थंड झाली की पहाटे किंवा रात्री, बर्फगाडीऐवजी चारचाकी मोटारगाडीला चमू जुंपतात. इंजिनाचा उपयोग बहुधा ब्रेकसारखा. कुत्र्यांना वेग येऊ न देण्यासाठी. पहिल्या फेऱ्या दोन-तीन मैलांच्या. मग पाच, मग दहा. बर्फ पडल्यावर तीस, चाळीस, पन्नास; मग मधे मुक्काम करून पुन्हा तेवढेच. शर्यतीच्या रेषेवर उभ्या राहणाऱ्या कुत्र्याच्या पायांखालून त्या हंगामात दोनेक हजार मैल गेलेले असतात. म्हणजे शर्यत हीच त्या वर्षातली सर्वांत लांब वाटचाल असते असे नव्हे. सगळे वर्ष हीच एक वाटचाल असते.

चमूची रचना पाहा. सर्वांत पुढे म्होरके, एक किंवा जोडी. मागे वळणे सांभाळणारी जोडी. मग मधली फळी. आणि गाडीला अगदी लागून सर्वांत मागची जोडी, जिला इंग्रजीत चाकाची जोडी म्हणतात. आपल्याकडे ‘धुरेची जोडी’ हा शब्द तिला चपखल बसेल, कारण वळणावर गाडीचा सगळा हिसका तीच सोसते. गाडीवान मागे उभा आणि म्होरक्या त्याच्यापासून वीसेक मीटर पुढे. हाती लगाम नाही, कासरा नाही, वेसण नाही. उजवीकडे, डावीकडे, चला, पुढे काढा, अशा मोजक्या शब्दांवर सगळा कारभार. ‘थांबा’ हा त्यातला सर्वांत कमी पाळला जाणारा शब्द, असे गाडीवान स्वतःच सांगतात. थांबवायला लोखंडी आकडा बर्फात रोवावा लागतो. लंडनच्या सोट्याचा कायदा इथे का चालणार नाही, हे याहून निराळे समजावून सांगायला नको. वीस मीटर पुढच्या कुत्र्यापर्यंत सोटा पोचत नाही. त्याने वळायचे ठरवले तर संपूर्ण चमू वळतो, आणि त्याला कंटाळा आला तर हजार मैलांची शर्यत तिथेच संपते. म्होरक्याचा कंटाळा ही या धंद्यातील मोठी भीती आहे. चांगला म्होरक्या सतत पुढे ठेवला तर मनाने थकतो, म्हणून त्याला मधूनमधून मागे आणून विसावा देतात.

पळणे शिकवावे लागत नाही, असे म्हणतात, आणि ते बरेचसे खरे आहे. शिकवावे लागते ते थांबणे. पेंढ्यावर आडवे होणे, आजूबाजूला शंभर कुत्री भुंकत असताना झोपणे, थकलेले असतानाही खाणे, तहान नसतानाही पिणे. पाण्यात मांसाचे तुकडे टाकून ते चवदार करतात, तेव्हा कुठे कुत्री पितात. लांब शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा-बारा हजार कॅलरी लागतात, त्याही मुख्यत्वे चरबीतून. देहाने त्याच्या निम्म्याहून लहान असलेल्या या प्राण्याचा आहार माणसाच्या चौपट-पाचपट. ही भूकसुद्धा घडवावी लागते. ऐन शर्यतीत जेवण नाकारणारा कुत्रा परत पाठवावा लागतो. ‘रानाच्या हाकेने’ धावणाऱ्या प्राण्याला भूक लागायला शिकवावे लागते, याचा आमच्या समीक्षकांनी कधी विचार केला आहे काय?

मुक्कामावर आधी कुत्री, मग माणूस. गाडी थांबली की पेंढा पसरायचा, पायमोजे काढायचे, बर्फ वितळवून पाणी करायचे, मांस शिजवायचे, वाढायचे, मनगटे आणि खांदे चाचपायचे, कातडी चिमटीत धरून अंगात पाणी पुरेसे आहे का ते पाहायचे. चार-सहा तासांच्या थांब्यात गाडीवानाला झोप मिळते ती एखाद-दीड तासाची. जिंकणारा चमू आठ-नऊ दिवसांत नोमला पोचतो. त्या दिवसांत तो माणूस किती झोपला हे विचारू नये. मला यात शौर्यापेक्षा गोठ्यातली रात्र अधिक दिसते.

ही तयारी अदृश्य करण्याची खोड केवळ आमच्या वर्गखोल्यांची नाही. १९२५ च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध नेनानापासून ६७४ मैल कुत्र्यांच्या गाड्यांनी, वीस गाडीवानांनी आळीपाळीने पोचवले. त्या वीसांत अलास्कातील मूलनिवासी गाडीवान मोठ्या संख्येने होते. या विद्येचे मूळ मालक तेच. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा लेओनहार्ड सेपाला आणि त्याचा म्होरक्या टोगो यांनी पार केला. शेवटचा टप्पा गुनार कासेन याचा, म्होरक्या बाल्टो. पुतळा कोणाचा झाला? त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा. त्याखाली चिकाटी, निष्ठा आणि बुद्धी असे गुण कोरले आहेत. तिन्ही कुत्र्याच्या अंगभूत. ते कोणी, किती हिवाळे खपून घडवले याचा तिथे मागमूस नाही. आणि पुतळा उभा राहिल्यावर दोन वर्षे उलटण्याआधीच हाच बाल्टो एका हलक्या दर्जाच्या खेळवाल्याकडे दयनीय अवस्थेत सापडला, आणि क्लीव्हलंडच्या नागरिकांनी वर्गणी काढून त्याला सोडवले. प्रतीक पूजायचे आणि प्राणी विसरायचा, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

१९९५ च्या ‘बाल्टो’ या चित्रपटाने तर कमाल केली: बाल्टोला अर्धा लांडगाच करून टाकले. एवढे धाडस साध्या पाळीव कुत्र्याला कसे साधेल, अंगात रान असल्याशिवाय? २०२३ साली बाल्टोच्या जपून ठेवलेल्या देहातून जनुके वाचली गेली, तेव्हा लांडग्याचा अंश सापडला नाही. सापडला तो कामकरी कुत्र्यांचा वंश. विज्ञानाने वाङ्मयीन टीकेचे काम करावे असे प्रसंग थोडे. हा त्यांपैकी एक.

असो. ‘हाक’ ही केवळ चुकीची नाही, उपद्रवीही आहे, असे मी वर म्हटले. त्याकडे येतो.

२०२४ च्या इडिटारोडमध्ये शर्यत चालू असताना तीन कुत्री मेली. २०२५ मध्ये, बर्फ कमी म्हणून शर्यतीचा मार्ग बदलून ती फेअरबँक्सहून सोडावी लागली त्या वर्षी, एक गाभण कुत्री मेली. असे काही घडले की दोन्ही बाजूंनी ठरलेली वाक्ये येतात. शर्यतीचे समर्थक म्हणतात, त्यांना धावणे आवडते, ती त्यासाठीच जन्मली आहेत. हे वाक्य खोटे नाही. जुंपताना ही कुत्री कशी उड्या मारतात, किंचाळतात, दोर ताणतात हे पाहिलेल्या कोणालाही ते पटेल. पण हे वाक्य वाङ्मयातून आले आहे, आणि वाङ्मयातली सोय त्यात शिल्लक आहे. आवड हे उत्तर आहे, पण वेगळ्याच प्रश्नाचे. प्रश्न हा नव्हता की कुत्र्याला धावावेसे वाटते का. प्रश्न हा होता की ज्या प्राण्याला थांबावेसे वाटू नये अशी निवड तुम्ही शेकडो पिढ्या केली, त्याच्या वतीने थांबण्याचा निर्णय आता कोणी घ्यायचा? इच्छा जितकी प्रबळ, तितकी तिचा फायदा घेणाऱ्यावरची जबाबदारी मोठी. समर्थक नेमके उलटे गणित मांडतात.

संशोधकांनी या कुत्र्यांच्या पोटात दुर्बिणी घालून पाहिले, तेव्हा लांब शर्यतीनंतर जवळपास निम्म्यांच्या जठराला इजा झालेली आढळली. कुत्री बाहेरून उत्साही, शेपट्या हलवणारी. त्यानंतर आम्ल कमी करणारी औषधे शर्यतीच्या तयारीचा भाग झाली. शर्यतीपूर्वी हृदयाचा आलेख, रक्ततपासणी, वाटेत पशुवैद्य, एक चोवीस तासांची आणि दोन आठ तासांची सक्तीची विश्रांती, हे सर्व कोणाच्या अंगच्या रानाने आणलेले नाही. ते भांडून, कुत्री मेल्यावर, लाजेखातर, शहाणपणाखातर आले आहे. मला त्या सुधारणांचा आदर वाटतो. पण भाषाही बघा कशी सुधारली. दमलेला किंवा दुखावलेला कुत्रा वाटेतल्या ठाण्यावर पशुवैद्यांकडे सोपवला की त्याला पूर्वी ‘टाकलेला’ म्हणत. आता ‘परत पाठवलेला’ म्हणतात. शब्द मऊ झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत ते अशा ठिकाणी, सुळ्यांच्या वर्णनापाशी नव्हे.

विरोधकांचेही सगळे मला मान्य नाही. जोते म्हणजे गुलामगिरी, असे त्यांच्यातील कडवे म्हणतात. म्हणजे जोत्याबाहेर कुत्र्याचे एखादे शुद्ध, मुक्त अस्तित्व होते असे गृहीत धरतात. ही पुन्हा लंडनचीच कल्पना, फक्त चिन्ह बदललेली. त्यांना कुत्रा सोडवून रानात पाठवायचा आहे. पण या कुत्र्याला रान नाही. मात्र त्यांचा एक प्रश्न मी सोडू शकत नाही: शर्यतीचे दहा दिवस सोडून उरलेल्या वर्षाचे काय? खुंट्याला साखळीने बांधलेल्या कुत्र्यांच्या रांगा, चमूत न बसणारी पिल्ले, म्हातारे म्होरके. २०१० साली कॅनडातील व्हिसलर इथे पर्यटकांच्या गाड्या ओढणारी कुत्री, धंदा बसल्यावर, डझनांनी मारली गेली. ती शर्यतीची कुत्री नव्हती हे खरे. पण त्यांनाही धावायला आवडतच असणार.

आपल्याकडे हा वाद परका नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मनाई केली, २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या सगळ्या काळात ‘बैलाला धावायची हौस असते’ आणि ‘ही परंपरा आहे’ या दोन वाक्यांच्या पलीकडे आपली चर्चा फारशी गेली नाही. ज्या शेतकऱ्याने बैलाला काय चारले, किती चालवले, कधी बसवले हे सांगता आले असते, त्याला कोणी विचारले नाही. ते बारकावे वादाला गैरसोयीचे असतात.

ते कसे, याचे एकच उदाहरण देतो. १९८५ च्या इडिटारोडमध्ये लिबी रिडल्स ही किनाऱ्यावरच्या वादळात, इतर सगळे थांबलेले असताना, पुढे निघाली आणि जिंकली. शर्यत जिंकणारी पहिली स्त्री. ही कथा सांगायला सोपी आहे आणि सगळे ती सांगतात. त्याच वर्षी सुझन बुचर हिच्या चमूवर एका मूसने हल्ला केला, दोन कुत्री मेली, बरीच जखमी झाली. ती शर्यत सोडून परत गेली. पुढच्या वर्षापासून सलग तीन वर्षे ती जिंकली, आणि १९९० मध्ये चौथ्यांदा. वादळात निघण्याची आणि माघारी वळण्याची विद्या एकच आहे, हे मी रिडल्सचे श्रेय कमी करण्यासाठी म्हणत नाही. कुत्र्यांवर तिचा विश्वास नसता, तर त्या पांढऱ्या अंधारात तिला पाऊलही टाकता आले नसते. पण आपल्या कथनशास्त्राला पहिल्या गोष्टीसाठी शब्द आहेत. दुसरीसाठी नाहीत.

आणि तरीही लंडनकडे ते होते, असे मला वाटते. म्हणूनच त्याच्यावरचा राग मला पुरा करता येत नाही. कादंबरीत डेव्ह नावाचा कुत्रा आहे, धुरेचा. तो आजारी पडतो, त्याला जोत्यातून काढतात आणि त्याच्या जागी सोल-लेक्सला जुंपतात. डेव्ह धडपडत मागून येतो, सोल-लेक्सचे दोर दातांनी तोडतो आणि गाडीपुढे आपल्या जागी उभा राहतो. गाडीवान आपसांत बोलतात आणि त्याला पुन्हा जुंपतात. दुसऱ्या दिवशी त्याला उठवत नाही, गाड्या पुढे जातात, मागे एक गोळी वाजते. बक रानात जातो ते शेवटचे प्रकरण प्रश्नपत्रिकेत दरवर्षी येते. मी परीक्षा काढणारा असतो तर डेव्हवर प्रश्न घातला असता: त्याला पुन्हा जुंपणे ही दया होती की त्याच्या इच्छेचा आधार घेऊन टाळलेला निर्णय? आणि तो निर्णय खरे म्हणजे किती मुक्काम आधी, कोणाच्या हातांना, कोणत्या पायावर हात फिरवताना घ्यायला हवा होता?